भट्ट्यांची यादी

४ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटी हो म्हणालो. आजपासून मी, थिओफिलस अडुसे, निवृत्त मुख्याध्यापक, असेम्पासो पाव-भट्टी संघटनेचा मानद सचिव. 'मानद' हा शब्द मी घातला. त्यांनी नुसतं 'लिहिणारा' म्हणून भागवलं असतं.

सभा मेथडिस्ट चर्चच्या मागच्या पत्र्याखाली. दहाची वेळ, सुरू झाली साडेअकराला. वीस मिनिटं प्रार्थना, मग गाणं, मग सगळ्यांनी एकसारखं नेसायच्या संघटनेच्या यंदाच्या कापडावर पिवळी फुलं असावीत की कणसं यावर भांडण. अडतीस बायका आणि दोन पुरुष. पुरुष झोपले होते. मी घड्याळाकडे बघत बसलो होतो, तर एकीने विचारलं, "मास्तर, बंद पडलंय का?"

मुद्दा एवढाच. नगरपालिकेचा हुकूम आलाय की लाकडावरच्या सगळ्या मातीच्या भट्ट्या ३१ मार्चपर्यंत गावातून हटवायच्या. धुराचा त्रास होतो म्हणे. जागा दिलीय कत्तलखान्यापलीकडच्या माळावर, बसस्थानकापासून दहा किलोमीटर. ईस्टर आहे २० एप्रिलला. एक बाई रडली, बाकीच्यांनी एकाच वेळी बोलून तिला साथ दिली.

अध्यक्ष आंटी बिरागो. तिसरीतून शाळा सोडलेली, दंड माझ्या मांडीएवढे, आवाज लाकडाच्या ट्रकच्या भोंग्यासारखा. मला म्हणाली, "मास्तर, तुम्ही आमची लेखणी व्हा. डोकं आमचं आम्ही आणू."

गंमत म्हणून लिहून ठेवतो.

९ फेब्रुवारी, रविवार

हरमाटान वाऱ्याची धूळ अजून बसलेली नाही. लिहिताना कागदावर बोट फिरवलं तर रेघ उठते. तरी याचिका पूर्ण केली. चौदा पानं. प्रस्तावनेत रोमन साम्राज्यातल्या पाववाल्यांचा उल्लेख, दोन लॅटिन वचनं.

शिवाय संघटनेची घटनाही लिहून काढली, कारण या बायकांची संघटना एकोणीस वर्षं घटनेशिवाय चालली होती! कलम नऊ मला विशेष साधलंय: अध्यक्षांच्या अंगठ्याशिवाय संघटनेचं कुठलंही पत्र ग्राह्य नाही. शिस्त लागावी म्हणून.

सकाळी ताईने पेज आणि चहाचा पाव पुढ्यात ठेवला आणि विचारलं, "थिओ, गाडीतले लोक पाव गरम असतो म्हणून घेतात, ते लिहिलंस का?"

मी म्हटलं, असल्या गोष्टी याचिकेत लिहीत नाहीत.

"मग कशात लिहितात?"

तिवाताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आईची भट्टी तीच चालवते, दवाखान्याच्या भिंतीला लागून आमच्याच अंगणात. निवृत्त झाल्यापासून मी तिच्याकडे राहतो. बायको टाकोराडीला मुलीकडे असते, तब्येतीसाठी. तब्येत कुणाची हे तिने सांगितलेलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कार्यकारिणीपुढे याचिका वाचली. पालथ्या घड्यावर पाणी. बिरागो म्हणाली, "आता इंग्रजी ठेवा आणि आपल्या त्वी भाषेत सांगा." सांगितली. मग म्हणाली, "छान. पण आपण मागतोय काय?"

चौदा पानं ऐकून झाल्यावर हा प्रश्न!

तिचं म्हणणं, एकच पान लिहा. भट्ट्यांना उंच धुराडी बांधू, ओलं लाकूड जाळणार नाही, एक वर्ष मुदत द्या. बस. मी शांतपणे समजावलं की सरकारशी बोलायची एक रीत असते, ती भाजी बाजारातल्या घासाघिशीसारखी नसते. डुफी नावाची एक जिभेची तिखट बाई आहे, ती म्हणाली, "मास्तर, भाजी बाजारात निदान भाजी तरी मिळते."

सगळ्या हसल्या. बिरागोने शेवटी अंगठा उठवला. कागद हातावर तोलून म्हणाली, "वजन आहे, एवढं खरं."

१८ फेब्रुवारी, मंगळवार

अखेर एका सुशिक्षित माणसाशी बोलणं झालं!

उपमुख्याधिकारी श्री. ऑगस्टस न्टिफो यांनी स्वतः उठून पंखा माझ्याकडे वळवला. बिस्किटं मागवली. याचिका माझ्यासमोर वाचली, निदान पहिली दोन पानं. म्हणाले, "मिस्टर अडुसे, असं इंग्रजी या कचेरीत माझ्या कारकिर्दीत आलेलं नाही. तुम्ही त्या बायकांत काय करता?" मी खांदे उडवले. ते म्हणाले, "त्याग आहे हा."

भिंतीवर गावाचा नवा नकाशा होता. काय सुबक काम! बसस्थानकाच्या मागे आज जिथे नुसती राख आणि सरपण आहे, तिथे निळ्या शाईत दुमजली दुकानांच्या ओळी, पुढे झाडं, गाड्या उभ्या करायला जागा. मी बराच वेळ बघत राहिलो. साहेबांनी नकाशावर वर्तमानपत्र अडकवलं. ऊन लागून शाई उडते म्हणाले.

निघताना त्यांनी सहज विचारलं, "याचिकेला परिशिष्ट नाही? कुणाची भट्टी कुठे, अशी यादी?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परिशिष्टाशिवाय याचिका! आणि तीही माझ्या हातून!

२२ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस वणवण करून यादी केली. एकेचाळीस भट्ट्या. काही न्हाणीघरामागे, एक तर चक्क शवपेट्यांच्या दुकानाच्या पोटात. नगरपालिकेला यांतल्या निम्म्या ठाऊकही नसतील. बायका मोठ्या विश्वासाने दारं उघडत होत्या, "या मास्तर, आमच्यासाठी फिरताय, बसा." प्रत्येकीने पाव दिला. घरी पोहोचलो तेव्हा माझ्याकडे पावांचं पोतं होतं आणि अंगाला धुराचा वास.

यादी आडनावांच्या वर्णानुक्रमाने लावली, ठावठिकाणा आणि खुणेसकट. साहजिकच ताई पहिली.

बिरागोला यादीबद्दल सांगितलं नाही. परिशिष्ट म्हणजे काय हे समजावण्यातच दुपार गेली असती.

३ मार्च, सोमवार

श्री. न्टिफोंनी पुन्हा बोलावलं. यादीवर बेहद्द खूश. पुनर्वसनासाठी एक तांत्रिक समिती होणार आहे, तिच्यावर मला सदस्य म्हणून घ्यायचा त्यांचा विचार आहे. दारावर पाटी असेल. फक्त संघटनेची भूमिका सकारात्मक आहे असं दाखवणारं दोन ओळींचं पत्र हवं.

मी कच्चा नाही. मी लिहिलं: 'संघटना स्थलांतराचं तत्त्वतः स्वागत करते.' सगळी मेख त्या 'तत्त्वतः'मध्ये आहे. तत्त्वतः हो म्हणजे प्रत्यक्षात काहीच नाही. मुत्सद्देगिरी म्हणतात ती हीच.

"अध्यक्षबाईंना विचारायचं असेल ना?" साहेबांनी विचारलं.

"त्यांना 'तत्त्वतः' कळेल असं वाटतं का तुम्हाला?"

आम्ही दोघंही हसलो. पत्र संघटनेच्या कागदावर, सही माझी.

इकडे अध्यक्षबाई काय करताहेत? शनिवारी कुठल्यातरी मयताला गेल्या होत्या. काळं-लाल कापड नेसून एका नगरसेवकाच्या आईशेजारी पाच तास बसल्या, म्हातारीचे पाय चेपले आणि येताना तिला वचन देऊन बसल्या की तिच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला पाव पाठवीन. एकूण नगरसेवक पस्तीस. रोज एकाच्या घरी जातात. कुणाच्या सासूकडे, कुणाच्या मळ्यावर. अर्ज नाही, विषय नाही, जावक क्रमांक नाही. उंटावरून शेळ्या हाकणं परवडलं.

६ मार्च, गुरुवार

स्वातंत्र्यदिन. शाळांचं संचलन. नगराध्यक्षांच्या भाषणात व्याकरणाच्या सतरा चुका.

१२ मार्च, बुधवार

बिरागोचा तमाशा. गेला आठवडाभर एका गवंड्याला हाताशी धरून तिने स्वतःच्या भट्टीला धुराडं बांधलंय, छपराच्या वर दोन पुरुष उंच. आज ते बघायला आरोग्य निरीक्षक, अग्निशमनचे दोघं, अकरा नगरसेवक आणि ड्रायव्हर युनियनचे अध्यक्ष यांना बोलावलं होतं. युनियन कशाला? तर म्हणे भट्ट्या गेल्या की गाड्या इथे थांबायच्या नाहीत, थेट पुढच्या गावाला जेवतील. खुद्द अध्यक्ष म्हणाले, "प्रवासी आमच्या स्थानकाला 'पावाचं स्थानक' म्हणतात हो. माळावर मी कशाला गाडी थांबवू? बैल बघायला?"

बिरागोने भट्टी पेटवली, एक पांढरा धुतलेला रुमाल निरीक्षकांच्या हातात दिला आणि म्हणाली, "साहेब, कुठेही उभे राहा. पाव भाजून होईपर्यंत हा रुमाल हलवत राहा. काळा झाला तर भट्टी मीच फोडते."

शिकलासवरलेला माणूस, पाऊण तास अंगणात रुमाल हलवत होता! नगरसेवक गंभीरपणे बघत होते. मला इतकी लाज वाटली की मी चर्चच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

रुमाल बऱ्यापैकी पांढरा राहिला. पण वाऱ्याची दिशा कुणी नोंदवली नाही, त्यामुळे या प्रयोगाला अर्थ नाही.

त्यांनी लोणीपाव खाल्ला. मी नाही.

१८ मार्च, मंगळवार

आज सकाळी नगरपालिकेचे तिघे लाल रंगाचा डबा घेऊन आले आणि पहिल्यांदा आमच्या अंगणात शिरले. ताईच्या भट्टीवर मोठी फुली मारून बाजूला लिहिलं: १, अडुसे तिवा, ३१ मार्चपर्यंत हटवा.

ताई पीठ मळत होती. हात थांबले नाहीत. एवढंच म्हणाली, "जरा बाजूने जा रे बाबांनो, परातीत रंग पडेल."

संध्याकाळपर्यंत एकेचाळीसच्या एकेचाळीस झाल्या. न्हाणीघरामागच्याही. शवपेटीवाल्याचीही.

चर्चमागे सगळ्या जमल्या. बायका ओरडत होत्या, की यांना कळलं कसं? डुफी पायरीवर उभी राहिली. "आणि आले कसे ते बघितलं का? माझ्या शेजारणीला सोडून गावाच्या त्या टोकाला गेले, मग परत आले, मग पुन्हा त्या टोकाला. घराला घर लागून नाही. शाळेत हजेरी घेतात तसे."

बिरागोने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. वर्णानुक्रम ही काय चीज असते हे एव्हाना तिच्या लक्षात आलं असावं. मी तहकुबीची सूचना मांडली. कुणी अनुमोदन दिलं नाही, पण मी निघालो.

१९ मार्च, बुधवार

कचेरीत गेलो. तीन तास बाहेरच्या बाकावर. पंखा नाही, बिस्किटं नाहीत. शेवटी श्री. न्टिफो बाहेर पडताना जिन्यात भेटले. मी म्हटलं, माझी यादी याचिकेचं परिशिष्ट म्हणून होती, रंगवायला नव्हती.

"मिस्टर अडुसे, फुल्या हा नुसता उपचार असतो. २७ तारखेला सर्वसाधारण सभा झाली की तुमच्या नेमणुकीचं पत्र काढतो." आणि मग जिना उतरता उतरता, "बाय द वे, तुमच्या यादीत एक भट्टी राहिली होती. आमच्या माणसांना सापडली. काळजी नको."

एक राहिली होती? एकेचाळीस मोजून केल्या होत्या मी. घरी येऊन पुन्हा पडताळलं. बरोबर एकेचाळीसच. म्हणजे एकीने ती माझ्यापासूनही लपवली होती.

ते सांगताना न्टिफो उद्धटपणे हसला, ते मला उगीचच आठवत राहिलंय.

२४ मार्च, सोमवार

ताईने पेजेचा वाडगा ठेवला आणि समोर बसली. ती सकाळी कधी बसत नाही.

"थिओ, यादी तूच दिलीस ना?"

मी विचारलं, कुणी सांगितलं?

"भट्टीवर लिहिलंय की. इंग्रजीत माझं नाव शेवटी दोन 'ए' घालून जगात एकटा तूच लिहितोस. दवाखान्यात एक, मतदार यादीत एक, आईने चर्चच्या वहीत लिहवलं तेव्हाही एकच."

मी तिला परिशिष्ट समजावलं. तांत्रिक समिती समजावली. 'तत्त्वतः' समजावलं. ते समजावताना माझ्या लक्षात आलं की त्वीमध्ये 'तत्त्वतः'ला शब्द नाही. तिला मी जे सांगत होतो ते शेवटी एवढंच उरत होतं की आम्ही हो म्हटलं.

ती म्हणाली, "तुला शाळेत घालायचं ठरलं तेव्हा आईने मला शाळेतून काढून भट्टीवर बसवलं. मी तेव्हा रडले नाही. म्हटलं, घरात एकाला तरी वाचता येऊ दे."

मग म्हणाली, "पेज निवतेय. खा."

खाल्ली नाही. दिवसभर चिडलो होतो. तिच्यावर, बिरागोवर, त्या डुफीच्या जिभेवर. घटना पुन्हा वाचून काढली. चांगली लिहिलेली घटना आहे.

२७ मार्च, गुरुवार

जसं झालं तसं लिहितो.

सभागृह भरलेलं. पस्तीस नगरसेवक, मागे सगळ्या बायका संघटनेच्या नव्या कापडात. कणसंच ठरली होती, हे मला आज कळलं. ड्रायव्हर युनियनची माणसं भिंतीला टेकून उभी. शेवटच्या रांगेत ताई. ती येणार असल्याचं मला बोलली नव्हती.

बिरागोला बोलायला पाच मिनिटं दिली. तिला तीन पुरली. धुराडी सगळ्यांना बांधू, निरीक्षकांनी दर महिन्याला रुमाल घेऊन यावं, एक वर्ष द्या. मग म्हणाली, "आणि दवाखान्याच्या आणि शाळेच्या भिंतीला लागून ज्या चार भट्ट्या आहेत, त्या आमच्या आम्हीच काढतो. आजारी माणसाला धूर नको, हे आम्हालाही कळतं. त्या चौघींना मी विचारलंय. त्या शेजारणींच्या भट्टीवर भाजतील."

चौघींमध्ये एक ताई. मला कुणी बोललं नव्हतं. का बोलतील?

बरेच नगरसेवक माना हलवत होते. तेवढ्यात श्री. न्टिफो उठले. "सभापती महाशय, हे सगळं आश्चर्यकारक आहे, कारण संघटनेने आधीच लेखी संमती दिलेली आहे." आणि माझं पत्र वाचलं. 'संघटना स्थलांतराचं स्वागत करते.'

'तत्त्वतः' गाळून वाचलं त्या माणसाने! माझ्या वाक्यातला एकुलता एक महत्त्वाचा शब्द!

सभागृहात कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतला एक नगरसेवक, ज्याच्या आईचे पाय बिरागोने चेपले होते तोच, म्हणाला, "आंटी, तुम्हीच लिहून दिलंय तर आम्ही काय करायचं?"

बिरागो माझ्याकडे वळली. मला वाटलं आता भोंगा वाजणार. पण ती हळू बोलली. "मला वाचता येत नाही. आमची लेखणी इथे बसलीय. मास्तर, ते पत्र कुणाचं आहे?"

मी उठलो. मला 'तत्त्वतः'वर बोलता आलं असतं. दहा मिनिटं सहज बोललो असतो, आणि पत्र तसंच उभं राहिलं असतं. श्री. न्टिफो माझ्याकडे बघून मान डोलावत होते, शाळा तपासणीला आलेला साहेब घाबरलेल्या शिक्षकाकडे बघून डोलावतो तशी. मागे ताई मांडीवर हात ठेवून बसली होती. ती माझ्याकडे बघतही नव्हती, कापडाची किनार सारखी करत होती.

मी म्हणालो, "पत्र माझं आहे. संघटनेचं नाही. अध्यक्षांनी ते पाहिलेलं नाही, कुणाही सभासदाने पाहिलेलं नाही. संघटनेच्या घटनेच्या कलम नऊनुसार अध्यक्षांच्या अंगठ्याशिवाय पत्र ग्राह्य नाही. घटना मीच लिहिली आणि मीच मोडली. मला अधिकार नव्हता." मग मागे बायकांकडे वळलो. "भट्ट्यांची यादीही मीच दिली. समितीवर जागा मिळेल म्हणून दिली."

शेवटचं वाक्य बोलायची काहीच गरज नव्हती.

श्री. न्टिफो बसल्या जागेवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एका मुख्याध्यापकाची ही अवस्था! पाववाल्या बायकांपुढे!"

मी त्यांना म्हटलं, "साहेब, अवतरण देताना शब्द गाळायचा नसतो. सहावीची मुलंदेखील गाळत नाहीत."

कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. सभापतींनी हातोडा आपटला.

मतदान: एकवीस विरुद्ध चौदा. हुकूम एक वर्ष स्थगित, धुराड्याच्या अटीवर. चार भट्ट्या जाणार.

बाहेर बायका नाचत होत्या. मी मागच्या दाराने आलो.

२८ मार्च, शुक्रवार

सचिवपदावरून काढलं. एकमताने; ते दोन पुरुषही जागे झाले होते. नवी सचिव डुफीची मुलगी, माध्यमिक शाळा पास, अक्षर कोंबडीच्या पायासारखं.

बिरागो निरोप द्यायला स्वतः आली. उभ्यानेच बोलली. "मास्तर, काल तुम्ही जे बोललात त्याने आम्ही वाचलो. त्याआधी जे केलंत त्याने बुडत होतो. दोन्ही लक्षात राहील."

मी म्हटलं, निर्णय घटनेला धरून आहे.

"तुमची घटना आम्ही ठेवतोय," ती म्हणाली. "ते नववं कलम चांगलं आहे."

५ एप्रिल, शनिवार

भट्टी फोडली.

गवंडी दोन माणसं घेऊन आला होता. आत राख नुसती. मला वाटलं दोन घावांत बसेल. माती ती काय. पण आईने पन्नासएक वर्षांपूर्वी लिंपलेली, वर दर पावसाळ्यानंतर ताईचा एक थर. सकाळी आठला सुरू केलं ते साडेअकरापर्यंत चाललं. दवाखान्यातल्या दोन नर्सेस भिंतीवरून बघत होत्या. त्यातली एक म्हणाली, "आता आम्हाला सकाळी वास कसला येणार?"

ताई ओट्यावर बसून सगळं बघत होती. मी तिच्याशेजारी बसलो. म्हटलं, ताई, त्या चौघींमध्ये तू आहेस हे मला आधी का नाही सांगितलंस?

"तू लिहून दिलं असतंस कुणाला तरी," ती म्हणाली आणि हसली.

मला हसू आलं नाही. मग थोडं आलं.

गेल्या सोमवारपासून ती बिरागोच्या भट्टीवर भाजते. रस्त्यापलीकडे, उतारावर. फुगलेल्या पिठाचे ट्रे तिला नेता येत नाहीत, गुडघे धरतात. म्हणून मी नेतो. बिरागोच्या अंगणातल्या बायकांचं बोलणं असह्य आहे. चुलीसारख्या उकाड्यात एकाच वेळी तीन विषयांवर भांडतात आणि एकही संपवत नाहीत. मला बघून एकही गप्प झाली नाही. "हळू मास्तर, ट्रे तिरका झालाय, पाव नगरपालिकेकडे घसरेल!" त्या दिवसभर हे वाक्य पुरवून पुरवून म्हणत होत्या.

१९ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर. सकाळपासून स्थानकावर जत्रा. कुमासीच्या गाड्या एकामागे एक, छतावर बकऱ्या, खिडक्यांतून हात. विकणाऱ्या पोरी कमी पडल्या, आणि ताईचे साठ साखरपाव तसेच पडून होते. बिरागोने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, शक्य नाही. मग ताईचा ट्रे उचलला.

डोक्यावर ट्रे ठेवणं दिसतं तितकं सोपं नाही, आणि प्रवासी ही जात तर मी पाहिलेल्या सगळ्या जातींत हलकी. खिडकीतून हात बाहेर काढतात, पाव दाबून बघतात, नाक मुरडतात, परत ठेवतात. गाडी सुटली की मागे धावा. माझ्या चष्म्याची दोरी सुटली, बुटात वाळू गेली. एका बाईने चार पाव दाबले आणि पाचवा घेतला. तिला मी त्वीमध्ये असं काही सुनावलं की ड्रायव्हरने भोंगा वाजवून दाद दिली.

दुपारी नगरपालिकेची पांढरी गाडी आली. काच खाली झाली आणि श्री. न्टिफोंचा हात बाहेर आला. ट्रेखाली माझं तोंड त्यांना दिसलं नसावं. त्यांनी एक साखरपाव चिमटीत धरला, अंगठ्याने खोल दाबला, परत ठेवला, दुसरा उचलला. मग वर बघितलं.

"मिस्टर अडुसे! तुम्ही? काय हे... तुमच्यासारख्या माणसाने..."

"दोन घ्या," मी म्हटलं.

"मला एकच हवाय."

"एक घ्यायचाय म्हणून उचललात. दुसरा दाबलात म्हणून. साहेब, हा माझ्या बहिणीचा पाव आहे. दाबून परत ठेवायला ही तुमची कचेरी नाही."

मागच्या प्रवासी ट्रोट्रोने भोंगा दिला. मग त्याच्या मागच्याने. ड्रायव्हर युनियनचे अध्यक्ष चहाचा पेला घेऊन बाहेर येऊन उभे राहिले. डुफी पलीकडून ओरडली, "मास्तर, आहे का गिऱ्हाईक?"

दाबलेलाही घेतला त्याने. मी तो वेगळ्या कागदात बांधून दिला, म्हणजे घरी कळेल कोणता ते.